वरच्या मजल्याची झडप

१२ ऑक्टोबर

आज सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी या हिवाळ्यातील प्रथम अग्निप्रज्वलन माझ्या शुभहस्ते संपन्न झाले. समारंभास साल्मे मावशी आणि मीरी नामक मार्जारी एवढाच जनसमुदाय उपस्थित होता. मी प्रास्ताविक म्हणून चार शब्द बोललो. पाचवा उच्चारण्याआधीच मावशी म्हणाली, "आटप रे हैकी. तुझ्या भाषणानं लाकडंसुद्धा ओली होतील."

गेली बावीस वर्षे मी व्होरू शहराच्या नोंदणी कार्यालयात लोकांचे विवाह लावतो. जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदीही माझ्याच हातून होतात, पण तेथे वक्तृत्वाला वाव नसतो. अर्भकांना समजत नाही आणि मृतांना घाई नसते. त्यामुळे शिल्लक राहिलेली भाषणे मी घरी आणतो. मावशी ती चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ऐकून घेते. तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्याने तिच्या कानांना वटवटीचा सराव आहे. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून या लाकडी घरात ती वर आणि मी खाली, अशी आमची राज्यव्यवस्था. मजले दोन, भट्ट्या दोन, धुराडे एक. एकाच धुराड्याच्या पोटात दोन स्वतंत्र मार्ग आहेत. आम्हा दोघांच्या स्वभावांसारखे.

भट्टीचे शास्त्र येथील प्रत्येक लेकराला ठाऊक असते, तरी माझ्या पश्चात ही दैनंदिनी वाचणाऱ्या विद्वानांसाठी नोंदवतो. लाकडे जळून निखारे झाले की धुराड्याची लोखंडी झडप बंद करावी, म्हणजे विटांत साठलेली ऊब खोलीतच राहते. झडप उशिरा लावली तर ती ऊब आकाशाला दान होते. फार लवकर लावली तर निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीत उतरतो. त्याला ना गंध, ना रंग, ना शिष्टाचार. आजोबा म्हणत, निखाऱ्यांवर निळी ज्वाळा नाचते आहे तोवर झडपेला बोट लावू नये. ज्वाळांकडे टक लावून बसण्याइतका वेळ आजोबांकडे होता. मी त्या पद्धतीत सुधारणा केली. पेटवल्यापासून बरोबर दोन तासांनी झडप बंद. चाळीस वर्षांत एकही अपवाद नाही, एकही अपघात नाही.

१९ ऑक्टोबर

धुराडे स्वतः साफ करण्याची मुभा कायदा मला देतो. परंतु दर पाच वर्षांनी परवानाधारक सफाईवाल्याकडून ते तपासून दाखला घ्यावा लागतो. घराच्या विमा कंपनीने त्याची आठवण करून दिल्याने मी धूम्रमार्गशुद्धीसाठी तज्ज्ञास पाचारण केले. एखादा धिप्पाड, मिशाळ पुरुष येईल अशी अपेक्षा होती. आली ती काया नावाची चाळिशीची, काटक, मितभाषी बाई. काळा कोट, पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर दोरीचे वेटोळे आणि त्याच्या टोकाला लोखंडी गोळा व ब्रश.

सफाईवाल्याच्या बटणाला हात लावला की भाग्य उजळते, ही आमच्याकडची सर्वमान्य श्रद्धा. मी नम्रपणे बोट पुढे केले. ती मागे सरली.

"बटण कोट बंद करायला आहे, साहेब. नशीब हवं असेल तर धुराडं साफ ठेवा."

"बाई, शेकडो जोडप्यांचं भाग्य याच हातांनी बांधलं आहे मी."

"मग पुरे झालं की. माझं कशाला हवं?"

वरून मावशीचे हसणे ऐकू आले. मावशीने तिला कॉफी दिली आणि दालचिनीचा पाव दिला. दोन्ही माझ्या वाट्याचे होते.

दीड तास काया छपरावर आणि माळ्यावर होती. खाली आली तेव्हा हातात अर्धे पोते होते. त्यात काटक्या, लोकर, आणि एक पांढरी रेशमी फीत, जी निःसंशय माझ्या विवाहकक्षातील होती. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी आपल्या धुराड्यावर जाळी बसवली. तेथून विस्थापित झालेल्या राखी मानेच्या कावळ्यांनी आमच्या धुराड्यात संसार थाटला आहे.

"अर्धंच घरटं निघालं," काया म्हणाली. "बाकीचं वरच्या भट्टीच्या वाकणात घट्ट बसलंय. भिंत उघडल्याशिवाय निघायचं नाही. शिवाय माळ्यावर चीर गेलीय. खालची भट्टी ठीक आहे. वरची पेटवू नका."

"केव्हापर्यंत?"

"गवंडी येईपर्यंत. आता बोलावलात तर वसंतात येईल. सगळे अडकलेत."

"आणि तोवर माझ्या मावशीनं काय करावं?"

"खाली झोपावं. ते जमत नसेल, पेटवायचीच असेल, तर झडप रात्रभर उघडी. अजिबात बंद करायची नाही."

"सगळी ऊब निघून जाईल, बाई."

"ऊब जाईल. माणूस राहील."

वाक्य बरे होते. मला आधी सुचले नाही याचा खेद वाटला. वायूची सूचना देणारे यंत्र घ्या, असेही तिने सुचवले. मी म्हणालो, घरात साल्मे मावशी असताना यंत्राची आवश्यकता नाही. ती कोणत्याही सूक्ष्म कारणावरून तक्रार करते. काया हसली नाही. लिहून दिलेला अहवाल मी घड्याळामागे ठेवला.

२१ ऑक्टोबर

प्रामाणिकपणे लिहायचे तर खाली एक खोली रिकामी होऊ शकते. माझी अभ्यासिका. परंतु आरशासमोर उभे राहून भाषणाचा सराव करायला दुसरी जागा नाही आणि मावशी दिवसातून चौदा वेळा विनोद करते, त्यांतले काही माझ्यावर. विजेचा हीटर लावला की फ्यूज उडतो. सारांश, मावशी वरच राहील. तिलाही ते मान्य आहे, म्हणाली, "माझ्या खिडकीतून तळं दिसतं. तुझ्या खोलीतून तू दिसतोस."

२७ ऑक्टोबर

आजच्या विवाहाला आर्गो आला होता. आर्गो हा नाट्यमंडळाचा नट. शनिवारी सफाईवाल्याचा काळा कोट, उंच टोपी आणि ब्रश घेऊन विवाहांत हजेरी लावतो, म्हणजे नवदांपत्याला त्याच्या बटणांना हात लावता येतो. दर शनिवारी मीही लावतो. गेल्या अनेक वर्षांचा भाग्यसंचय माझ्या खाती जमा असावा. मी त्याला कायाच्या उद्धटपणाची हकिगत सांगितली. तो म्हणाला, "चल, मी देतो दुसरं मत."

घरी येऊन त्याने वरच्या भट्टीच्या तोंडात आपले डोके घातले आणि रंगमंचीय स्वरात जाहीर केले, "काळं आहे!"

"निदान?"

"खोल आणि काळं. नेपथ्य उत्तम."

मावशी पलंगावर बसून पाहत होती. "हैकी," ती म्हणाली, "खरी बाई काय म्हणाली ते ऐक की जरा. हा तर माझ्या बागेतल्या बुजगावण्याला भितो."

"मावशी, हा सगळा व्यवसायवृद्धीचा डाव. प्रत्येक धुराड्यात चीर आढळली नाही तर गवंडी कसे जगणार?"

"ती गवंडी नाही."

"गवंडी तिचा भाऊ असेल."

"तिला भाऊच नाही. विचारलंय मी."

मावशी कोणाकडूनही दहा मिनिटांत वंशावळ काढून घेते. एक्स्चेंजची सवय.

५ नोव्हेंबर

मावशीने कायाचे म्हणणे मनावर घेतले आहे. पाच वाजता भट्टी पेटवते आणि झडप सताड उघडी ठेवते. परिणामी सकाळी वरची खोली म्हणजे शवागार. काल तिने टोपी घालून कॉफी घेतली. बर्चची लाकडे जळत होती ती मी फोडलेली, मी रचलेली, मीच जिना चढून वर नेलेली. आणि तीव्र थंडीत ती नभोमंडल तापवत होती.

मी मार्ग काढला आहे. सातला मावशी बातम्या आणि त्यानंतरची मालिका पाहायला खाली येते. मी लाकडे नेण्याच्या निमित्ताने वर जातो आणि बरोबर सात वाजता झडप बंद करतो. भट्टीचे दार उघडून पाहिले. निखारे तांबडे, त्यांवर किंचित निळसर झाक. दोन तास झाले होते. नियम तो नियम.

आज सकाळी खोली उबदार होती. मावशी म्हणाली, "झडप बंद होती रे. मी तर उघडी ठेवली होती."

"मग विसरली असशील."

"विसरले?" तिने क्षणभर विचार केला. "असेल बाई. आणि डोकं ठणकतंय."

हा विनोद थोडा चालू द्यावा असे वाटते. आयुष्यभर तिने माझी खिल्ली उडवली. आता माझी पाळी.

१० नोव्हेंबर

मार्टिनचा दिवस. तोंडाला काजळी फासलेली सोंगे दारोदार आली, धान्य उधळून गेली, गाणी म्हणून गेली. मावशी दरवर्षी त्यांना कोडी घालते आणि उत्तर आले नाही तर मिठाई देत नाही. यंदा कोडे अर्ध्यावर विसरली. सोंगे तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी मी कोडे पुरे केले आणि उत्तरही मीच दिले. सोंगांनी टाळ्या वाजवल्या.

"वय झालं, मावशी."

"कालपर्यंत नव्हतं झालं," ती म्हणाली.

मीरी चार दिवसांपासून वर जात नाही. बारा वर्षे ती मावशीच्या भट्टीच्या कट्ट्यावर झोपत आली. आता गारठलेल्या जिन्यावर बसते. उचलून वर नेली तर ओरबाडते. मार्जारजातीची निष्ठा वृद्धापकाळी सोडून जाते, असा माझा निष्कर्ष.

१८ नोव्हेंबर

मावशीची शब्दकोडी हा माझ्या करमणुकीचा नवा विषय. आडवे सात, चार अक्षरे, तिने सहा घुसवली आहेत. उभे तीनमध्ये माझ्या आईचे नाव लिहिले आहे. सकाळी पायांत जोर नसतो, मळमळते, डोक्यात घण पडतात. दुपारी तळ्याकाठी चालून आली की पुन्हा जिभेला धार चढते आणि माझ्या नव्या कोटाला "भाडोत्री शोकसभा" म्हणते. संध्याकाळी भट्टी पेटते. सकाळी पुन्हा तेच. दिवसाउजेडी सुधारणारा आणि झोपेत बिघडणारा असा हा वार्धक्याचा विलक्षण प्रकार. गालांवर मात्र लाली आहे. मी म्हणालो, "मावशी, तू नवरीसारखी दिसतेस."

तिने माझ्या कोटाकडे पाहिले आणि वही मिटली. माझी खिल्ली उडवायची संधी तिने सोडली, हे मला काहीसे अस्वस्थ करून गेले.

२२ नोव्हेंबर

मावशी सकाळी जिन्यावर पडली. मनगट मुरगळले, बाकी काही नाही. खाली बसून रडत होती. मी तिला रडताना यापूर्वी एकदाच पाहिले आहे, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

"हैकी, मी रोज झडप उघडी ठेवते. रोज. स्टूलवर चढून दांडा ओढते, हाताला काजळी लागते ती धुते. आणि सकाळी ती बंद असते. मग कोण बंद करतं? मीच ना? झोपेत उठते आणि बंद करते? अजून काय काय करते मी झोपेत?"

सांगून टाकावे असे वाटले. परंतु सतरा दिवसांचा विनोद अशा क्षणी उलगडणे औचित्याला धरून झाले नसते. शिवाय तिने ते शेजारणीला सांगितले असते आणि शेजारण जिल्ह्याला. मी म्हणालो, "चल, डॉक्टरला दाखवू."

२६ नोव्हेंबर

डॉक्टरने तिला कागदावर घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. मावशीने वर्तुळ सुंदर काढले आणि सर्व आकडे वर्तुळाबाहेर. मी काहीतरी विनोद केला, डॉक्टरही हसला. मावशी नाही हसली. मी झडपेची कथा सांगितली: उघडते, बंद करते, तिला स्मरत नाही. त्याने ते सविस्तर लिहून घेतले. माझी कथनशैली प्रवाही असल्याने बराच कागद लागला. "हे ठळक लक्षण आहे," तो म्हणाला. "आग आणि झडप असलेल्या घरात त्यांनी एकटं राहणं धोक्याचं."

एकटी कुठे, मी म्हणालो, मी आहे ना.

२ डिसेंबर

डॉक्टरच्या शिफारशीवरून मावशीला आज तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात पोहोचवले. तिची उशी, रेडिओ, शब्दकोड्यांची वही. दारात ती माझा हात सोडेना. "मी जाते," म्हणाली, "पण माझी खोली कोणाला देऊ नकोस."

घरी येऊन वरची भट्टी थंड ठेवली. अभ्यासिकेत मोठ्याने भाषण म्हटले. कोणीही मध्ये बोलले नाही. प्रथम सुख वाटले. हे लिहिताना संकोच होत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मग दुसरे भाषण म्हणायला घेतले आणि अर्ध्यावर थांबलो. मीरी वर जाऊन कट्ट्यावर झोपली आहे. थंडगार विटांवर! मांजराच्या डोक्यात काय चालते, कोणास ठाऊक.

९ डिसेंबर

चमत्कार! मावशी ठणठणीत. दारातच म्हणाली, "आलास? कोट तोच? म्हटलं, शोकसभा संपली असेल." पत्त्यांत तिने सगळ्या वृद्धाश्रमाला हरवले आहे. शब्दकोडी अचूक. डोकेदुखी नाहीशी, मळमळ नाही, गालांवरची लाली मात्र गेली, पुन्हा पूर्वीसारखी फिकट दिसते. परिचारिका म्हणाली, "यांना इथं का आणलंत हो? याच आम्हाला सांभाळतायत."

संस्थेच्या आहाराला आणि शिस्तीला याचे श्रेय आहे. मी त्यांच्या अभिप्रायपुस्तिकेत दीड पान लिहिले.

१५ डिसेंबर

आजचा प्रसंग लिहावा की नाही, याचा विचार करत दोन कप कॉफी संपवली.

मावशीने मला कोपऱ्यात नेऊन बसवले. एक्स्चेंजमध्ये असताना दोन तारा जोडण्याआधी ती अशीच सावकाश बोलत असावी.

"हैकी, मला इथं येऊन तेरा दिवस झाले. तेरा दिवसांत डोकं एकदाही दुखलं नाही. मी विचार केला. दुखायचं ते फक्त घरी आणि फक्त सकाळी. ती काया काय म्हणाली होती? पेटवली तर झडप उघडी ठेवा. मी उघडी ठेवायचे. कोणीतरी बंद करायचं. घरात दोघंच होतो. खरं सांग. तू बंद करायचास?"

तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. बाजूला दोन वृद्ध पत्ते टाकून ऐकत होते. परिचारिका उभी होती. त्या सर्वांसमोर 'होय' म्हणायचे? मी, ज्याच्या शब्दावर अर्ध्या व्होरूचे संसार उभे आहेत?

"नाही, मावशी," मी म्हणालो. "तूच बंद करायचीस. मी एकदा पाहिलंही होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

'पाहिलंही होतं' हा भाग मला जागच्या जागी सुचला. वाक्याला तोल हवा होता.

मावशीने दोन्ही तळवे मांडीवर पसरले. स्वतःच्या हातांकडे पाहत होती, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

"मग गेलंच म्हणायचं माझं डोकं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी बरोबर जोडलंय."

आणि थोड्या वेळाने: "नाताळला तरी ने मला घरी. एक रात्र. वरच्या खोलीत. मग इथंच राहीन, कटकट करणार नाही."

मी शब्द दिला.

१८ डिसेंबर

कार्यालयात तीन मृत्यू, एक जन्म. वाऱ्याचा आवाज कावळ्यांसारखा येतो. मला झोप नीट लागत नाही. सांगून टाकायला हवे होते का? परंतु सांगून लाभ काय? विनोद होता एवढेच सिद्ध होईल. ती डोकेदुखी वयाचीच, याबद्दल मला शंका नाही. चाळीस वर्षे हीच भट्टी, हीच वेळ, हाच मी. नाताळला तिला असे सुख देईन की हे सर्व विस्मरणात जाईल.

२३ डिसेंबर

उणे एकवीस. सकाळी काया दारात उभी. हातात गवंड्याचा पत्ता. तिने स्वतः त्याच्या मागे लागून मार्चचा पहिला आठवडा मिळवला आहे.

"साहेब, वरची भट्टी पेटवता का?"

"तीन आठवडे थंड आहे, बाई. वर कोणी राहतच नाही."

"साल्मेताई कुठे आहेत?"

"वृद्धाश्रमात. डोकं थोडं…" मी कपाळाशी बोट फिरवले.

तिच्या कपाळाला आठी पडली. "डोकं? त्यांचं? मला तर त्यांनी माझ्या पणजीचं नाव काढून दाखवलं होतं." मग तिने विचारले, "केव्हापासून?"

"नोव्हेंबरपासून. वय, बाई, वय."

"सकाळी डोकं दुखायचं का त्यांचं?"

उद्या मावशी येणार आहे, हे सांगितले असते तर पाऊण तासाचे व्याख्यान ऐकावे लागले असते, आणि डुकराचे मांस ओव्हनमध्ये होते. मी म्हणालो, "आता तिथं सुखरूप आहे, बाई. अगदी ठणठणीत."

मग तिने श्वास सोडला. "तिथं आहेत ना, मग झालं. माझ्या मनाला लागून राहिलं होतं. वर पेटवू नका, एवढंच." दाराच्या पायरीवरून मागे वळली, कोटाचे एक बटण पुढे केले. "घ्या. नाताळ आहे."

पितळ इतके थंड होते की बोट चिकटले. अखेर खरे बटण! आर्गोची सर्व बटणे यापुढे तुच्छ.

२४ डिसेंबर

सर्व काही विधिवत. दुपारी स्मशानभूमीत आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, तेथून मावशीला आणायला गेलो. ती सकाळी सातपासून कोट घालून बसली होती म्हणे.

तीन आठवडे बंद असलेली वरची खोली बर्फासारखी होती. म्हणून मी एक वाजताच भट्टी पेटवली, तीनला पुन्हा भरली, पाचला आणखी एकदा. पहिली काडी लावायला सुके काही मिळेना. घड्याळामागचा कायाचा अहवाल हाती लागला. कागद जाड, उत्तम पेटला. संध्याकाळपर्यंत खोली पाव भाजण्याच्या भट्टीसारखी झाली. उशीवर मी तिची शब्दकोड्यांची वही आणि एक पिपरकोक, म्हणजे नाताळचे बिस्किट, ठेवले, हृदयाच्या आकाराचे, मसालेदार, माझ्या हातचे.

जेवण उत्तम झाले. रक्ताचे सॉसेज, आंबवलेली कोबी, भाजलेले डुक्कर. मावशीने दोनदा घेतले. माझ्या भाषणात तिने तीनदा अडथळा आणला आणि मी तिन्ही वेळा आनंदलो.

"हैकी, तू लहानपणी गप्प असायचास. आई गेल्यावर वर्षभर बोलला नाहीस. मीच तुला बोलायला शिकवलं परत. चूकच झाली जरा."

ती भांडी पुसत असताना, सात वाजता, मी वर गेलो. शेवटची लाकडे टाकून दोन तास झाले होते. भट्टीचे दार उघडले. निखाऱ्यांचा डोंगर, आणि त्यावर निळ्या ज्वाळांचे थवेच्या थवे. इतके मनोहारी दृश्य मी यापूर्वी पाहिले नव्हते. खिडकीबाहेर उणे तेवीस. एवढी ऊब, तिच्यासाठी साठवलेली, सगळी आकाशाला द्यायची? आजच्या रात्री? मी झडप लावली. दांडा घट्ट बसला.

मावशी झोपायला आली तेव्हा तिने दारातच गाल भट्टीला लावला. "अरे बापरे. हे तू केलंस?"

"दुसरं कोण करणार?"

पांघरूण घेतल्यावर तिने विचारले, "झडप उघडी आहे ना?"

स्टूल शेजारीच होते. उठून हात लावला असता तरी कळले असते.

"सताड उघडी आहे, मावशी."

"बरं झालं तू पाहिलंस. आता मी स्वतः बघणारच नाही. माझ्यावर भरवसा नाही माझा." तिने माझे बोट हातात घेतले, जिथे अजून काजळी होती. "तुझ्यावर आहे."

मीरीला तिच्याजवळ ठेवावे म्हणून कट्ट्यावर बसवली. ती उडी मारून पळाली, जिना उतरून थेट बाहेरच्या दाराशी जाऊन ओरडू लागली. मी तिला हिमात सोडले. जाईल तिकडे जाईल.

थोड्या वेळापूर्वी हळूच डोकावून पाहिले. गाढ झोपली आहे. गाल पुन्हा गुलाबी झालेत; वृद्धाश्रमात तिचा हा रंग कुठे गेला होता, कोण जाणे. घर शेवटी घर असते.

उद्या तिला उठवणार नाही. कॉफी तयार ठेवीन, आणि हवे तितके झोपू देईन.